डेटाबेस आज्ञावलीतील कालबाह्य टिप्पण्या : पोस्टग्रेसक्यूएलच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीत आज्ञांसोबत मानवी वाचकासाठी टिप्पण्याही लिहिलेल्या असतात. कंपायलर त्या वगळतो. त्यामुळे आज्ञेतील चूक चाचणीत उघडकीस येऊ शकते. टिप्पणीतील चूक मात्र कोणी लक्षपूर्वक वाचेपर्यंत तशीच राहते. प्रस्तुत लेखात पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीच्या आधारे अशा टिप्पण्यांच्या दुरुस्तीचे महत्त्व तपासले आहे.

विवेचन :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले केंद्रात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला. जुनी नोंद न पुसता नवी नोंद स्वतंत्रपणे ठेवावयाची, हे त्याचे मूलतत्त्व होते. त्यामुळे गतकाळातील माहितीही मिळविता येत असे. नोंदीचा काल तपासणाऱ्या फाइलला 'टाइम क्वालिफिकेशन' या शब्दांवरून 'टीक्वाल' हे नाव मिळाले. १९९७ मधील ६.२ आवृत्तीत ही सोय बंद झाली. चालू व्यवहाराला कोणती नोंद दिसावी, एवढेच ठरविणे या फाइलकडे उरले. तथापि जुने नाव २०१९ मधील १२ व्या आवृत्तीपर्यंत टिकले. मधल्या काळात नाव व कार्य यांतील अंतर फाइलच्या आरंभीची टिप्पणीच स्पष्ट करीत होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 'व्हॅक्यूम फुल' ही आज्ञा पूर्वी तक्त्यातील नोंदी एका जागेवरून दुसरीकडे हलवून तशी खूण करीत असे. २०१० मधील ९.० आवृत्तीत ही पद्धत सोडून संपूर्ण तक्ता नव्याने लिहिला जाऊ लागला. साहजिकच त्या खुणा निरुपयोगी वाटू शकतात. परंतु जुन्या फाइली तशाच ठेवून आवृत्ती बदलणाऱ्यांच्या माहितीत त्या शिल्लक असू शकत होत्या. म्हणून टिप्पणी बदलून, ही खूण ९.० पूर्वीची असून अशा स्थलांतरासाठी राखली आहे, असे नमूद करण्यात आले. हे न जाणता संबंधित आज्ञा काढल्यास वैध नोंद अदृश्य होण्याचा किंवा मृत नोंद पुन्हा दिसण्याचा धोका होता.

निष्कर्ष :
टिप्पणी सुधारणे म्हणजे इतिहास पुसणे नव्हे. या प्रकल्पातील बदलांची नोंद प्रथम सीव्हीएसमध्ये व २०१० पासून गिटमध्ये ठेवली गेल्याने जुना मजकूर तारखेसह उपलब्ध राहतो. अभ्यासकाने मात्र टिप्पणीला स्वयंसिद्ध पुरावा न मानता तिची आज्ञेशी व काळाशी पडताळणी करावी. महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन करतानाही हाच निकष लावणे इष्ट ठरेल.