कोंबडीच्या ताटातली मासळी

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर धान्य, कोंबडी, माणूस अशी बाणांची रांग काढतो. पण कोंबडी निव्वळ धान्यावर नीट वाढत नाही. मोकळी फिरणारी कोंबडी उकिरड्यातून किडे, अळ्या वेचते. खुराड्यात कोंडल्यावर ही उणीव कशाने भरायची?

सांताक्रूझच्या आसपास पाहिले तर या प्रश्नाची दोन्ही जुनी उत्तरे सापडतात. पश्चिमेला जुहू कोळीवाडा आणि पुढे वर्सोवा. तिथे बोंबील, जवळा वाळतो; माणसाच्या पानात न जाणारी बारीक, मोडकी सुकी मासळी खताला किंवा कोंबड्यांच्या खाद्याला जाते. दक्षिणेला वांद्रे. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू होईपर्यंत मुंबईचा मोठा कत्तलखाना तिथे होता. मांस बाजारात जाते, कातडी कमावायला जाते. पण रक्त, हाडे, आतडी यांचे काय? जगभर त्यावर एकच तोड निघाली: शिजवायचे, चरबी काढायची, वाळवून दळायचे आणि कोंबड्या-डुकरांना चारायचे.

या भुकटीत प्रथिने भरपूर असतात. पण आणखीही काही असावे, अशी शंका १९४० च्या दशकात संशोधकांना आली. केवळ वनस्पतिजन्य खाद्यावर पिल्ले खुरटत. थोडी मासळी, इतकेच काय, गाईचे शेण मिसळले तरी सुधारत. या अज्ञात घटकाला 'प्राणिज प्रथिन घटक' असे नाव पडले. १९४८ मध्ये ब जीवनसत्त्वांपैकी ब-१२ शुद्ध स्वरूपात मिळाले आणि कोडे बरेचसे सुटले. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते जिवाणू बनवतात. म्हणून तर शेण उपयोगी पडत होते!

पुढे ब-१२ आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल कारखान्यात तयार होऊ लागले. मध्य प्रदेश-महाराष्ट्रात सोयाबीनची लागवड वाढली. आज आपल्याकडचे ब्रॉयलरचे खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड यांचे असते. मासळीच्या भुकटीत मीठ, वाळू किंवा साल्मोनेला जिवाणू निघण्याची भीती असते, हेही एक कारण.

मोठा धक्का मात्र इंग्लंडात बसला. १९८६ मध्ये तिथे गाईंचा मेंदू सच्छिद्र करणारा रोग ओळखला गेला. गाईंना गाईंचीच हाडे-मांस चारल्याने तो पसरला होता. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असे खाद्य देण्यास बंदी झाली, तरी नवे रोगी निघतच राहिले. कारण त्याच गिरण्यांत कोंबड्यांचे खाद्यही दळले जाई आणि त्याचा अंश गाईंच्या खाद्यात उतरे. १९९६ मध्ये माणसांतील एका जीवघेण्या रोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला. २००१ पासून युरोपीय संघाने मांस-हाडांची भुकटी सर्वच पाळीव खाद्यपशूंना बंद केली. २०२१ मध्ये ही बंदी थोडी सैल झाली: डुकरांपासूनची भुकटी कोंबड्यांना चालेल, पण कोंबडीची कोंबडीला नाही.

टाकाऊ वस्तू पुन्हा वापरणे चांगलेच, असे आम्हीही वर्गात सांगत आलो. आता त्यापुढे एक प्रश्न जोडतो: ती कुणाची, कुणाच्या ताटात आणि कोणत्या गिरणीतून जाते? फळ्यावरच्या रांगेत हा बाण विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा.