कोशिंबिरीतली कोथिंबीर

१७९८ ते १८१७ या काळात नागपूरकर भोसल्यांकडे असलेल्या जबलपुरात आज बाजार हिंदीत चालतो. तिथल्या मराठी घरात शिरताना ‘हरा धनिया’ची कोथिंबीर होते आणि ‘सलाद’ची कोशिंबीर. माझ्या मते हे दोन्ही मराठी शब्द एकाच मुळाचे: पाणिनीलाही ठाऊक असलेले ‘कुस्तुम्बुरु’, म्हणजे धने. ‘पुस्तक’ची पोथी झाली तशीच त्याची कोथिंबीर. ‘कोशिंबीर’ मात्र कन्नड ‘कोसंबरी’च्या अंगाने आली असावी; ‘सीमा’ची शीव करणारी मराठी जीभ इकाराआधी ‘स’चा ‘श’ पुष्कळदा करते.

कोशिंबिरीत मुख्य काकडी, मग नाव वरून भुरभुरवलेल्या पाल्याचे कसे, अशी शंका कुणी घेईल. सॅलडकडे पाहा. मुळाशी लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ. पदार्थ पानांचा, नाव मिठाचे. स्वित्झर्लंडमध्ये तर ते नाव पुन्हा पानावरच उतरले: ‘न्युस्लीसलात’ ही किंचित अक्रोडी चवीची नाजूक पालेभाजी, आणि तीच तेल-व्हिनेगरात हलक्या हाताने घोळवून, उकडलेले अंडे घालून केलेला पदार्थही. तरीही कोशिंबिरीला सरसकट ‘सलाद’ म्हणणे मला पटत नाही. काकडी-कांद्याच्या नुसत्या चकत्यांना दाण्याचे कूट नसते, फोडणी नसते आणि बहुधा कोथिंबीरही नसते.