नाताळ कारकुनाच्या घरी कसा आला

चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे छोटेखानी पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. आजच्या ख्रिसमसचं पितृत्व सर्रास या पुस्तकाच्या लेखकाकडे दिलं जातं. ‘ख्रिसमसचा शोध लावणारा माणूस’ अशा अर्थाच्या नावाचा इंग्रजी चित्रपटही २०१७ साली येऊन गेला. पण पुस्तक वाचायला घेतलं की, ज्यांच्यावाचून आज हा सण पुरा होत नाही अशा बऱ्याच गोष्टी त्यात सापडतच नाहीत. सजवलेलं झाड नाही, सांताक्लॉज नाही, भेटकार्ड नाही. हिरव्या झग्यातलं, डोक्याला हॉलीच्या पानांचा गजरा बांधलेलं एक भूत आहे. ते जुन्या इंग्लिश ‘फादर ख्रिसमस’च्या भाऊबंदांपैकी. झाड इंग्लंडमध्ये आणलं ते राजघराण्यातल्या जर्मन माणसांनी. राणी शार्लटने १८०० साली विंडसरला झाड उभारलं होतं, आणि व्हिक्टोरिया व आल्बर्ट मुलांसह झाडाभोवती उभे आहेत असं चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४८ च्या डिसेंबरात छापल्यावर ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरलं. पहिलं छापील भेटकार्ड हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून १८४३ सालीच काढून घेतलं. त्याचा डिकन्सशी संबंध नाही. तेव्हा सणाच्या वस्तूंची वंशावळ मांडत बसलो तर डिकन्सच्या वाट्याला फारसं काही येत नाही. त्याने केलेलं काम वेगळं होतं आणि ते अधिक खोल गेलं. गढीवरचा, गावकीचा एक सण त्याने शहरातल्या कारकुनाच्या भाड्याच्या घरात नेऊन बसवला, आणि तिथे तो साजरा व्हायचा तर मालकाने काय दिलं पाहिजे, हा प्रश्न त्याला कायमचा जोडून दिला.

आधीचा नाताळ कसा होता हे पाहिल्याशिवाय या बदलाचं माप कळत नाही. प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या अमलात, १६४७ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळासकट सगळे चर्चचे सण रद्द केले होते. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि सणही परतला, पण त्याची घडी जुनीच राहिली. बारा दिवसांची सुट्टी, जमीनदाराच्या वाड्यातली मोठी शेकोटी, कुळांना आणि नोकरांना घातलेलं जेवण, नाच, सोंगं. हे सगळं चालायला एक जमीनदार लागतो, त्याचं गाव लागतं, आणि हिवाळ्यात शेतीची कामं मंदावलेली लागतात. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग याने १८१९-२० च्या ‘स्केच बुक’मध्ये ब्रेसब्रिज हॉल नावाच्या वाड्यातल्या अशाच नाताळाचं हळवं चित्र काढलं, आणि ते काढतानाच त्याला जाणवत होतं की हा सण मावळतीला लागला आहे. १८४१ साली लंडनची वस्ती एकोणीस लाखांच्या घरात होती. त्यात कारकून, शिंपी, हमाल, दुकानातली पोरं. त्यांना ना वाडा, ना बारा दिवसांची सवड. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी वर्षाकाठी तीसेक सुट्ट्या देत असे. १८३४ मध्ये त्या चारवर आल्या. नाताळचा दिवस त्या चारांत टिकला, पण बाकीचा सगळा सणांचा पसारा पुसला गेला.

डिकन्सनेही सुरुवात अर्व्हिंगच्या वाटेनेच केली होती. १८३६-३७ च्या ‘पिकविक पेपर्स’मधला डिंगली डेलचा नाताळ हा वॉर्डल नावाच्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या वाड्यावरचा आहे. त्याच कादंबरीत नाताळच्या आदल्या रात्री भुतांनी सुधारलेल्या एका खडूस कबर खोदणाऱ्याची गोष्टही येते; म्हणजे ‘कॅरोल’चा सांगाडा सात वर्षं आधीच तयार होता. नव्हतं ते शहर, आणि नव्हता तो राग. राग १८४३ मध्ये आला. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल त्या वर्षी डॉ. साउथवुड स्मिथ यांनी डिकन्सकडे पाठवला. वयाच्या बाराव्या वर्षी, वडील कर्जापायी तुरुंगात असताना, बुटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटवलेल्या माणसाच्या हाती तो अहवाल पडला. गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक पत्रक काढायचं त्याने मार्च महिन्यात ठरवलं आणि थोड्याच दिवसांत तो बेत सोडला; वर्षअखेरीस याहून कितीतरी पट जोराचा घाव घालीन, असं त्याने स्मिथना कळवलं. सप्टेंबरात त्याने लंडनमधली फील्ड लेनची रॅगेड स्कूल, फाटक्या कपड्यांतल्या मुलांची फुकट शाळा, पाहिली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मँचेस्टरला कामगारांच्या शिक्षणावर भाषण केलं. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांत ‘कॅरोल’ लिहून झालं. नाताळाची गोडी हे त्याचं मूळ नाही. हे पत्रकाच्या जागी आलेलं पुस्तक आहे, आणि हे ध्यानात ठेवून वाचलं म्हणजे त्यातली प्रत्येक मेजवानी वेगळी दिसू लागते.

गोष्ट सुरू होते ती रजेच्या वादाने. एबेनेझर स्क्रूज या कंजूष पेढीमालकाचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबतो आणि नाताळचा एक दिवस मागतो. पगारी. स्क्रूजला ती आपल्या खिशावर दरवर्षी पडणारी धाड वाटते; शेवटी रजा देतो, पण दुसऱ्या दिवशी आणखी लवकर हजर व्हायला बजावून. अर्व्हिंगच्या वाड्यात हा प्रसंग घडूच शकत नाही, कारण तिथे कोणाचा तास कोणी विकत घेतलेला नाही. पुढे स्क्रूजला सुधारायला एकामागून एक भुतं येतात, आणि त्यांतलं पहिलं त्याला त्याच्या उमेदवारीच्या दिवसांत नेतं. तिथे फेझिविग हा त्याचा जुना मालक नाताळच्या आदल्या संध्याकाळी पेढी बंद करून टाकतो, टेबलं बाजूला सारतो, आणि शिकाऊ पोरांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना नाचायला बोलावतो. साऱ्या पुस्तकाची किल्ली मला या फेझिविगमध्ये दिसते. जमीनदाराने कुळांना द्यायचं ते इथे मालक नोकरांना देतो आहे, आणि वाड्याच्या जागी गोदाम आलं आहे. जुन्या नात्यातली जबाबदारी डिकन्सने उचलून नव्या नात्यावर ठेवली. शहरात हा सण जगायचा असेल तर कोणीतरी ती उचलायलाच हवी होती.

क्रॅचिटांच्या जेवणाचा प्रसंग जगभर गाजला, पण तो ज्या तपशिलांवर उभा आहे त्यांकडे क्वचितच कोणी बघतं. कॅम्डन टाउनमधलं चार खोल्यांचं घर, सहा मुलं, आणि मधोमध एक भाजलेला गूस, बदकाच्या जातीचा पण अंगाने मोठा पक्षी. तो घरी भाजलेला नाही. मुलं तो बेकरीतून घेऊन येतात, कारण अख्खा पक्षी भाजेल अशी भट्टी अशा घरांत नसे. रविवारी आणि नाताळला बेकरीवाले पाव भाजत नसत. तापलेल्या भट्टीत शेजारपाजारच्या लोकांची जेवणं थोड्या पैशांत भाजून देत. गरिबाच्या घरी आठवड्यातलं एकमेव गरम, भरपेट जेवण पुष्कळदा याच वाटेने येई. सर अँड्र्यू अॅग्न्यू नावाचे खासदार १८३० च्या दशकात रविवार पाळण्यासाठी कडक विधेयकं वारंवार आणत होते, आणि त्यांचा नेम या बेकऱ्यांवरही होता. त्याविरुद्ध डिकन्सने १८३६ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिकाच लिहिली होती. ‘कॅरोल’मध्ये स्क्रूज दुसऱ्या भुताला नेमकं याच बंदीबद्दल छेडतो, आणि भूत सांगतं की आमच्या नावावर हे करणारी माणसं आमची कोणी लागत नाहीत. पुडिंगही असंच. ते उकळतं कपडे धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात, म्हणून झाकण काढताच घरभर धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते पुडिंग लहान आहे, हे कोणीही बोलून दाखवत नाही. मेजवानीनंतर पेय ओतायला दोन पेले आणि कान तुटलेला एक कप, एवढीच काचेची भांडी घरात निघतात. वाड्यावरच्या नाताळात विपुलता गृहीत असते. इथे विपुलता पै पै जमवून एका दिवसासाठी उभी केलेली आहे, आणि तिचा आनंद त्या खटाटोपातून येतो. एका छपराखाली, आई-बाप-मुलांनी, एकाच दिवशी, एका पक्ष्याभोवती बसून साजरा करायचा सण असा इथे घडला. आजचा ख्रिसमस बाकी सगळं बदलूनही हाच आराखडा पाळतो.

आक्षेप घेणारे म्हणतात, नाताळ मेलेला नव्हताच, मग डिकन्सने जिवंत काय केलं? हे खरंच आहे. विल्यम सँडीज यांनी जुन्या नाताळगीतांचा संग्रह १८३३ मध्ये काढला होता, टी. के. हर्वे यांचं ‘द बुक ऑफ ख्रिसमस’ १८३६ चं. सणाबद्दलची ओढ हवेत होती. पण हे सगळे मागे वळून पाहणारे लोक होते. काय हरवलं याची ते नोंद करत होते. अधिक वजनदार आक्षेप असा की रेल्वे, १८४० चं एक पेनीचं टपाल आणि राजघराण्याचं उदाहरण यांनी हा सण तसाही शहरात रुजवलाच असता. रुजवला असता, यात शंका नाही, पण कोणता सण? टपालाने शुभेच्छा पोचतात, रेल्वेने माणसं घरी येतात, राजवाड्याचं चित्र पाहून झाड आणता येतं. कारकुनाला त्या दिवशी रजा द्यावी लागते हे यातलं काहीच सांगत नाही. जर्मनीत झाडासकट कौटुंबिक नाताळ डिकन्सशिवाय उत्तम फुलला होता. त्याच्या छापाचं वेगळेपण कुटुंब आणि कामाची जागा यांना एका दोरीत बांधण्यात आहे.

या छापाची हद्दही सांगायला हवी, आणि ती आपल्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. गोव्यात १५१० नंतर आणि वसईत १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात जो कॅथलिक नाताळ रुजला, त्याला प्युरिटनांच्या बंदीची कधी झळ लागली नाही. मध्यरात्रीची मिसा, येशूजन्माच्या गोठ्याची आरास, घरोघरी वाटल्या जाणाऱ्या नेवऱ्या आणि दोदोल हे सगळं चर्च, वाडा आणि शेजार यांच्या आधाराने चालत आलं. तिथे या सणाला कोणा कादंबरीकाराची गरज पडली नाही, कारण त्याचा धागा तुटलाच नव्हता. ‘कॅरोल’मध्ये मात्र चर्च जवळजवळ नाहीच; बदललेला स्क्रूज देवळात जातो ते एका वाक्यापुरतं. धार्मिक वाचकाला ही उणीव वाटू शकते. पण पंथापंथांत फाटलेल्या, नाताळाला पोपची खूण समजणाऱ्या प्रॉटेस्टंट घरांतही हे पुस्तक बिनदिक्कत वाचलं गेलं, त्याचं मोठं कारण हेच असावं.

सगळ्यात टोकदार टीका वेगळीच आहे: वर्षातून एकदा टर्की पाठवून गरिबी हटत नाही, आणि दया ही पगारवाढीची जागा घेऊ शकत नाही. ही टीका मला मोलाची वाटते, आणि डिकन्सकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने उभ्या केलेल्या वर्कहाउसांवर, म्हणजे निराधारांना राबवून घेणाऱ्या आश्रमांवर, तो तुटून पडतो, पण त्यांच्या जागी काय आणायचं ते सांगत नाही. तरीही दोन गोष्टी त्याच्या बाजूने मांडाव्याच लागतात. बदललेला स्क्रूज नाताळच्या सकाळी क्रॅचिटांकडे टर्की पाठवून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या बॉबचा पगार वाढवतो. आणि दुसऱ्या भुताच्या झग्याखालून निघालेली अज्ञान आणि अभाव ही दोन हडकुळी मुलं कोणा एका घरची नाहीत. ती साऱ्या माणसांची म्हणून दाखवली आहेत. अहवालातली मुलं ती हीच.

पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. सोनेरी कडा आणि जॉन लीचची रंगीत चित्रं यांवर डिकन्सने इतका खर्च केला की सहा हजार प्रती नाताळच्या आत खपूनही त्याच्या हाती अपेक्षेच्या चौथा हिस्साही लागला नाही. चोरून छापणाऱ्यांवर त्याने खटला जिंकला, पण ते दिवाळखोर निघाल्याने खर्च त्याच्याच अंगावर पडला. गोष्ट बॉबसारख्यांपर्यंत पोचली ती इतर वाटांनी. १८४४ च्या फेब्रुवारीपर्यंत लंडनच्या अनेक रंगभूमींवर तिची नाटकं लागली होती. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये डिकन्सने ती जाहीरपणे वाचली, आणि त्यातलं एक वाचन आग्रहाने कामगारांसाठी, सहा पेनी तिकिटावर ठेवलं. त्यानंतर मार्च १८७० च्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत तो ती वाचत राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. १८७१ साली सर जॉन लबक यांनी बँक सुट्ट्यांचा कायदा मंजूर करून घेतला आणि इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर हाही सुट्टीचा दिवस झाला. १८४३ च्या गोष्टीत त्या सकाळी बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा पेढीवर पोचतो आणि घाबरून माफी मागू लागतो.