कुकरैल : कुत्र्याच्या नावाची नदी

लखनौच्या निशातगंजहून फैजाबाद रस्त्याने निघालात की एका पुलाखाली काळं पाणी दिसतं. रिक्षावाला म्हणेल, नाला आहे. नाला नव्हे, ती कुकरैल नदी. अस्ती गावाकडून येते आणि गोमतीला मिळते.

नाव 'कुकुर', म्हणजे कुत्र्यावरून. गोष्ट अशी सांगतात. एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, आणि चोरांनी माल दडवलेली जागा कुत्र्याने दाखवली. सावकार खूश. कर्ज फिटल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याने त्याला सोडून दिलं. बंजाऱ्याला वाटलं, हा पळून आला, माझा शब्द बुडाला. त्याने तिथेच त्याला ठार केलं. चिठ्ठी दिसली ती नंतर. कुत्रा पडला तिथून पाणी उसळलं, तीच कुकरैल. कुत्रा चावला की लोक इथे आंघोळीला येत. (तुम्ही मात्र आधी इंजेक्शन घ्या!)

हीच कथा छत्तीसगडात, बालोद जिल्ह्यातल्या खपरीच्या कुकुरदेव मंदिरातही ऐकायला मिळते. माझ्या मते ती बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर फिरली. दिलेल्या शब्दावर ज्यांचा व्यापार चाले, त्यांचीच ही गोष्ट.

आता माझ्या आवडीचा भाग. ३० जून १८५७. सर हेन्री लॉरेन्स फौज घेऊन या कुकरैल पुलापर्यंत आला, थांबला, आणि मग पुढे चिनहटकडे गेला. तिथे बरकत अहमदच्या सैन्याने त्याला झोडपलं. जूनचं ऊन, तहानलेले शिपाई, मागे हटताना पूलच तोडला जाण्याची भीती. लॉरेन्सने पुलावर तोफा लावल्या, गोलंदाज पेटत्या वाती धरून उभे. दारूगोळा संपलेला होता! ती हूल चालली आणि उरलेली फौज पलीकडे निघाली. त्याच दिवशी रेसिडेन्सीला वेढा पडला. ४ जुलैला लॉरेन्स जखमांनी मेला. लढाई त्याने हरली, पण तो पूल मी कुठल्याही तरुण अधिकाऱ्याला दाखवीन.

जून २०२४ मध्ये नदीकाठ मोकळा करायचा म्हणून अकबरनगर वस्ती पाडली गेली. शेकडो कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. घरं गेली ती नदीच्या नावाने. तेव्हा पाणी तरी स्वच्छ व्हायला हवं, आणि त्याचं काम अस्तीपासून सुरू व्हायला हवं, निशातगंजच्या पुलापासून नव्हे.