ओ-२७ रूळमार्ग

ओ-२७ रूळमार्ग हा खेळण्यातील विद्युत आगगाड्यांसाठी वापरला जाणारा, पत्र्याच्या पोकळ रुळांचा तीनरुळी मार्ग आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेतील लायोनेल कंपनीच्या गाड्यांशी निगडित आहे. ओ गेजच्या मार्गांमध्ये तो स्वस्त मानला जातो.

स्वरूप

बाहेरील दोन रुळांमधील अंतर १.२५ इंच (३१.७५ मिमी) असते. नावातील २७ हा आकडा वळणाच्या आठ तुकड्यांनी बनणाऱ्या वर्तुळाचा इंचांतील व्यास दर्शवतो. पारंपरिक ओ मार्गात हा व्यास ३१ इंच असून त्याचे रूळ अधिक उंच असतात. मधल्या रुळातून वीजपुरवठा होतो आणि बाहेरील रुळांतून परिपथ पूर्ण होतो. त्यामुळे गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट परतली, तरी शॉर्टसर्किट होत नाही.

निवड

दोन्ही प्रकारांचे गेज समान असल्याने लहान गाड्या दोहोंवर धावतात. मात्र लांब इंजिने २७ इंचांच्या वळणावर अडकतात किंवा घसरतात. सांध्याच्या मोटरीच्या पेटीवरही त्यांचा भाग आदळतो. म्हणून इंजिनासाठी निर्मात्याने सांगितलेले किमान वळण पाहूनच रूळ घेणे हिताचे ठरते. याच कमी उंचीच्या रुळांत ४२, ५४ व ७२ इंचांची वळणेही असल्याने, मोठ्या इंजिनासाठी महाग मार्गच घ्यावा लागतो असे नाही.

जुने तुकडे घेताना रूळ सरळ आहेत का, खोल गंज चढला आहे का आणि जोडखिळे घट्ट बसतात का, हे तपासले जाते. वरवरची घाण साफ करता येते. परंतु स्टील वुल वापरल्यास त्याचे कण मोटरीच्या चुंबकाला चिकटून बिघाड होतो.

उभारणी

तुकडे प्रथम सैल मांडून गाडी चालवून पाहतात व नंतर प्लायवूडवर स्क्रूने बसवतात. स्क्रू अति आवळल्यास मार्ग वाकतो. खाली कॉर्कचा थर दिल्यास आवाज कमी होतो. प्रत्येक जोडात थोडा विद्युतरोध असल्याने दूरच्या टोकाला गाडी मंदावते. त्यावर उपाय म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून निरनिराळ्या ठिकाणी जादा तारा जोडतात. मार्गाचे विभाग स्वतंत्रपणे चालू-बंद करायचे असल्यास मधल्या रुळात विद्युतरोधक खिळा बसवतात.

ओ व ओ-२७ यांचे रूळ परस्परांना जोडताना उंचीतील फरक भरून काढण्यासाठी कमी उंचीच्या रुळांखाली आधार द्यावा लागतो.