आधीं वाट, मग पाया

तारेंतून संदेश धाडतांना विजेचा प्रवाह क्षणोक्षणीं बदलतो. हा बदल सांगणारीं विकलक समीकरणें सोडविणें किचकट असतें. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेल्या ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तारमास्तरानें त्यावर एक युक्ति योजिली. विकलनाच्या क्रियेलाच एक अक्षर मानून तो तिच्याशीं बीजगणितांतल्याप्रमाणें गुणाकार-भागाकार करी. उत्तरें बरोबर येत. सिद्धता मात्र नसे. रॉयल सोसायटीनें १८९१ सालीं त्याला सदस्य केलें, पण १८९४ सालीं या विषयावरील त्याचा तिसरा निबंध नाकारला.

आधार जुनाच होता. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें संभाव्यतेवरील १८१२ च्या ग्रंथांत या जातीचें रूपांतर वापरलें होतें. त्या रूपांतरानें विकलनाच्या जागीं साधा गुणाकार येतो, आरंभींची स्थितीहि समीकरणांतच सामावते; उत्तर काढून उलट रूपांतर केलें, कीं काम झालें. ब्रॉमविच यानें १९१६ सालीं व डोइट्श यानें १९३७ च्या ग्रंथांत हा पाया पक्का केला. हेविसाइड १९२५ सालींच वारला होता.

सिद्धता मागणें हा गणिताचा धर्मच होय. परंतु ती अद्याप मिळाली नाहीं, एवढ्यावरून उत्तर खोटें ठरत नाहीं.