कोलेस्टेरॉल आणि रोजचा आहार: कोणते पदार्थ उपयोगी, कोणते केवळ समजुतीपुरते?

रक्तात प्रमाणाबाहेर वाढलेले कोलेस्टेरॉल हे हृदयविकार आणि पक्षाघात यांचे एक प्रमुख कारण मानले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढांमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. या विकाराची बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत. रक्ततपासणी केल्यावाचून तो कळत नाही. स्वयंपाकघरातील काही नित्याचे पदार्थ कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतात, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. मात्र प्रत्येक पदार्थाचा परिणाम मर्यादित असतो, आणि तो पुरेशा प्रमाणात, नियमितपणे खाल्ल्यासच मिळतो.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक असलेला मेदासारखा पदार्थ आहे. त्यापैकी बहुतांश शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ‘एलडीएल’ या रूपातील कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठत जाते, म्हणून त्याला ‘वाईट’ म्हटले जाते. आहाराचा विचार करताना मुख्य लक्ष्य हेच असते.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते आणि ती पचनासाठी आतड्यात सोडते. त्यांतील बरीचशी पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारे तंतू, म्हणजेच विद्राव्य तंतू, आहारात असतील तर ते या पित्ताम्लांना अडकवून शरीराबाहेर नेतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेते आणि रक्तातील त्याचे प्रमाण घटते.

ओट्स, सातू आणि इसबगोल

ओट्स आणि सातू यांमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. दररोज किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास एलडीएल सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते. त्यासाठी साधारण ७० ते ८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. साखर घातलेली पाकिटे त्यासाठी निवडू नयेत.

उत्तर भारतात ज्याला जव म्हणतात तोच मराठीतील सातू होय. बिहारमधील सत्तू मात्र बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचा असतो. तोही पौष्टिक आहे, पण त्यात बीटा-ग्लुकन मिळेल असे समजू नये.

बद्धकोष्ठतेवरील घरगुती उपाय म्हणून परिचित असलेले इसबगोल येथेही उपयोगी ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या वेष्टनांवर हृदयाच्या आरोग्याविषयीचा दावा छापण्यास १९९७ मध्ये आणि इसबगोलाबाबत १९९८ मध्ये अनुमती दिली. इसबगोल भरपूर पाण्यासह घ्यावे. ते औषधांच्या शोषणात अडथळा आणू शकते, म्हणून दोहोंत अंतर ठेवावे.

डाळी, कडधान्ये आणि भरडधान्ये

राजमा, हरभरा, मसूर, मूग, चवळी यांचे महत्त्व २६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दररोज सुमारे १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्ये वा डाळी खाल्ल्याने एलडीएल ५ टक्क्यांनी घटते. हे प्रमाण म्हणजे साधारण एक वाटी दाट उसळ किंवा राजमा. पातळ वरणाची वाटी तेवढे काम करीत नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांसारख्या भरडधान्यांविषयी हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या पुढाकाराने झालेले विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ अभ्यासांच्या या पाहणीत एकूण कोलेस्टेरॉलमध्ये सुमारे ८ टक्के घट आढळली. मूळ अभ्यास लहान असले, तरी पांढरा भात आणि मैदा यांच्या जागी भाकरी खाणे हितावह आहे.

सुकामेवा, फळे आणि भाज्या

२५ चाचण्यांच्या २०१० मधील विश्लेषणात दररोज सरासरी ६७ ग्रॅम सुकामेव्याने एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यात प्रामुख्याने बदाम व अक्रोड यांवरील चाचण्या होत्या. उष्मांक अधिक असल्याने सुकामेवा इतर खाद्याच्या जागी, बिनमिठाचा आणि न तळलेला असावा. पेरू, सफरचंद, संत्री, मोसंबी या फळांतून पेक्टिन हा विद्राव्य तंतू मिळतो. भेंडी आणि वांगे याही भाज्या या दृष्टीने उपयुक्त आहेत.

तेल-तुपाचा प्रश्न

संपृक्त मेद एलडीएल वाढवतात. तूप, लोणी, पामतेल आणि खोबरेल तेल यांत ते मोठ्या प्रमाणात असतात. खोबरेल तेलात तर ८० टक्क्यांहून अधिक. त्यांच्याऐवजी शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल किंवा मोहरीचे तेल मोजक्या प्रमाणात वापरल्यास लाभ होतो. तुपावर वेगळे तेल वाढून घेतल्याने मात्र काहीच साधत नाही.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेद सर्वांत घातक होत. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेदांमध्ये त्यांची मर्यादा २ टक्के ठेवण्यात आली आहे.

लसूण आणि मेथी

कच्चा लसूण कोलेस्टेरॉल उतरवतो, ही समजूत सर्वत्र आढळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांवर सहा महिने केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कच्च्या लसणाचा वा त्याच्या गोळ्यांचा एलडीएलवर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. मेथीदाण्यांचे काही प्रयोगांतील निष्कर्ष आशादायक आहेत. पण त्यांत दररोज २५ ग्रॅम वा त्याहून अधिक पूड दिली गेली होती. फोडणीतील चिमूटभर मेथीकडून ती अपेक्षा करता येत नाही.

एकत्रित परिणाम आणि त्याची मर्यादा

ज्याचे एलडीएल १६० मिलिग्रॅम आहे, त्याच्यासाठी ५ टक्के घट म्हणजे केवळ ८ मिलिग्रॅम. म्हणूनच अनेक पदार्थ एकत्र आणणे महत्त्वाचे ठरते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये ओट्स, सातू, इसबगोल, सोया प्रथिने, बदाम, भेंडी, वांगे आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल यांचा एकत्रित आहार तपासला. चार आठवड्यांत एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. त्या प्रयोगात सहभागींना बहुतेक अन्न पुरवण्यात आले होते. २०११ मधील अभ्यासात लोकांना फक्त सल्ला देऊन आहार त्यांच्यावर सोपवला, तेव्हा सहा महिन्यांनंतरची घट १३ ते १४ टक्के होती.

किंचित वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी इतकी घट पुरेशी ठरू शकते. परंतु ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, मधुमेह आहे किंवा आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल फार वाढलेले आहे, त्यांच्यासाठी केवळ आहार बहुधा पुरेसा नसतो. अहवालातील आकडा खाली आला म्हणून स्टॅटिन गटातील औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. तो आकडा अनेकदा औषधामुळेच खाली आलेला असतो. आहारात बदल केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करावी आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.